उभी रेघ

१९९२ सालच्या मे महिन्यात एसटी स्टँडसमोरच्या एका व्हिडिओ गेम पार्लरमधून निरोप आला, की विमानांच्या मशिनवरचे चित्र गेले असून पडद्यावर नुसती उभी रेघ उरली आहे. टीव्ही दुरुस्तीच्या धंद्यात मला तेव्हा चार वर्षे झाली होती आणि निरोप ऐकताच निदान करून मोकळे होण्याची सवय जडली होती. आडवी रेघ म्हणजे व्हर्टिकल (किरण वर-खाली नेणारा भाग) गेले, उभी रेघ म्हणजे हॉरिझॉन्टलमध्ये (किरण डावी-उजवीकडे नेणाऱ्या भागात) बिघाड, हे आमच्याकडे बाराखडीसारखे पाठ असते. पिशवीत हॉरिझॉन्टलचा बीयू ५०८ ट्रान्झिस्टर टाकून मी निघालो.

मशिनमध्ये '१९४२' हा खेळ होता, जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९८४ साली काढलेला. खेळणाऱ्याच्या हाती अमेरिकी पी-३८ विमान येते, खालून समुद्र सरकत राहतो आणि बत्तीस टप्पे उलटे मोजत टोकियो गाठायचे असते. जपानी कंपनीनेच असा खेळ करावा याचे मला अजूनही नवल वाटते. शत्रू वरून खाली येत असल्यामुळे या खेळाला उंच, अरुंद पडदा लागतो. त्यासाठी पार्लरवाल्याने वीस इंची रंगीत टीव्हीचे नळकांडे (पिक्चर ट्यूब) चासीसकट कुशीवर वळवून प्लायवूडच्या खोक्यात बसवले होते. असे वळवले की कोपऱ्यांत हिरवे-जांभळे डाग येतात, डीगॉसिंगची, म्हणजे चुंबकत्व घालवणारी, कॉइल फिरवून ते घालवावे लागतात, आणि पन्नासऐवजी साठ हर्ट्झवर चित्र स्थिर होईपर्यंत व्हर्टिकल होल्ड जुळवावा लागतो. हे सारे मीच सहा महिन्यांपूर्वी करून दिले होते. तेव्हा बसवलेला पंखा मात्र शेठने वीज वाचवण्यासाठी काढून टाकला होता.

ईएचटीची, म्हणजे नळकांड्याला जाणाऱ्या उच्च दाबाच्या विजेची, टोपी अर्थिंगला टेकवून मी ट्रान्झिस्टर बदलला. आधी मीटर लावला नाही, याचे स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. अर्ध्या तासाने मशिन चालू केले, तर रेघ होती तशीच.

एकाच जागी इतका प्रकाश साचला की फॉस्फर जळून कायमचा चट्टा पडतो, म्हणून मी स्क्रीनचा प्रीसेट (पडद्याची उजळी ठरवणारी कळ) कमी केला. रेघ मंद झाली आणि तिच्यात काहीतरी हलताना दिसले. अंधूक ठिपके रेघेवरून खाली घसरत होते आणि मधूनच एखादा बारीक ठिपका झपकन वर जात होता. स्पीकरमधून त्या खेळाचा तो डोके उठवणारा ताशा चालूच होता. दहा-बारा वर्षांचा एक मुलगा सकाळपासून तिथेच घुटमळत होता. शेठची नजर चुकवून त्याने नाणे टाकले, दांडा धरला आणि त्या रेघेकडे पाहत चक्क गोळ्या झाडू लागला. त्याला आवाजावरून अंदाज येत असावा. मी त्याच्यावर खेकसलो. तो बाजूला झाला, पण जाता जाता म्हणाला, "दादा, टीव्ही आडवा पाडलाय न्हवं? मग आडवी रेघ उभीच दिसंल की!"

मी पाना हातात धरून तसाच उभा राहिलो. नळकांडे कुशीवर होते, म्हणजे एरवी डावीकडून उजवीकडे जाणारा किरण इथे उभा धावत होता. व्हर्टिकल बंद पडल्यामुळे सगळ्या ओळी एकीवर एक चढून एकाच उभ्या रेघेत मावल्या होत्या, आणि म्हणूनच विमानांची उंची तेवढी त्या रेघेत शिल्लक राहिली होती. त्यावर आणखी एक गोष्ट होती, जी मला त्या मुलाच्याही आधी कळायला हवी होती: ईएचटी हॉरिझॉन्टलच्याच जोरावर तयार होते, ट्रान्झिस्टर मेला असता तर पडदा काळा ठिक्कर पडला असता आणि रेघ दिसलीच नसती. सरळ ठेवलेल्या टीव्हीवर खरोखर उभी रेघ आली असती, तरी आधी योकची (नळकांड्याच्या मानेवरच्या, किरण वळवणाऱ्या कॉइलची) जोडणी तपासायची असते, ट्रान्झिस्टर नव्हे. आमच्या धंद्यात पुष्कळ जण असे आधी बदलतात आणि मग मोजतात. त्यांना मी नावे ठेवत असे.

व्हर्टिकल आउटपुट आयसीच्या दोन पायांचे सोल्डर उष्णतेने सुटून त्याभोवती काळी गोल भेग पडली होती. डाग द्यायला पाच मिनिटेही लागली नाहीत. समुद्र पुन्हा पसरला, लाल विमानांचा थवा आला आणि शेठने खूश होऊन चहा सांगितला. पंखा परत बसवा असे मी त्यांना बजावले, जणू चूक तेवढी त्यांचीच होती.

बिलात मी ट्रान्झिस्टरचे साठ रुपये लावले आणि त्यांनी घासाघीस न करता दिले. मुलगा तोवर निघून गेला होता. काढलेला ट्रान्झिस्टर मी घरी आल्यावर मोजला, तो धडधाकट होता. पुढच्याच आठवड्यात तो एका गिऱ्हाइकाच्या टीव्हीत बसवला आणि त्याचेही साठ रुपये घेतले.