बिनजाळीची रिंग

आमच्या शाळेच्या मैदानावर बास्केटबॉलच्या दोन रिंगा होत्या आणि दोन्हींना जाळ्या नव्हत्या. कधीकाळी होत्या म्हणे. कडीला काळपट दोऱ्याची दोन-चार टोकं लोंबायची, तेवढाच पुरावा. बोर्ड प्लायवुडचे, पावसाने फुगलेले, खालच्या कोपऱ्यात पापुद्रे सुटलेले. त्यातला एक पापुद्रा ओढून काढण्यात माझं अख्खं आठवीचं वर्ष गेलं.

जाळी नसली की काय होतं ते तसं खेळलेल्यालाच कळतं. चेंडू कडीला लागला की ठण्ण वाजतं. बोर्डावर आपटला की धप्प. पण कशालाही न शिवता बरोबर मधून गेला, तर काहीच नाही. सगळ्यात चांगला टाकलेला चेंडू तेवढा मुका. मग भांडणं. "गेला!" "बाहेरून गेला!" "आईशप्पथ, आतून गेला!" शेवटी प्रकरण कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसलेल्या पीटीच्या सरांकडे जायचं. सर मान वर न करता एकच निकाल द्यायचे, "परत टाक." म्हणजे ज्याने अचूक टाकला, शिक्षा त्यालाच. आमच्यातले हुशार लोक पुढे पुढे मुद्दाम बोर्डाला लावूनच टाकायला लागले. एक साक्षीदार तरी असलेला बरा.

हे सगळं मी विसरलो होतो. चाळिशी उलटल्यावर भाचीने एक जाडजूड पुस्तक हातात कोंबलं आणि म्हणाली, "वाच. मग बोलू." मी पहिलं पान उघडलं तर गोष्ट संपत आलेली. "मामा, उलटं धरलंयस. उजवीकडून वाचायचं." असा माझा 'मांगा'शी, म्हणजे जपानी चित्रकथेशी, परिचय झाला. ताकेहिको इनोऊए यांची 'स्लॅम डंक'. 1990 ते 1996 अशी सहा वर्षं 'शोनेन जंप' या साप्ताहिकात चाललेली, एकतीस खंडांची. कानागावा प्रांतातलं शोहोकु नावाचं एक हायस्कूल, त्याचा बेताचाच संघ, आणि त्यात शिरलेला साकुरागी नावाचा लाल केसांचा आडदांड पोरगा. तो कशासाठी शिरला? मुलीवर छाप पाडायला. खेळाची कितीतरी आयुष्यं अशीच सुरू होत असणार, कबूल कोणी करत नाही एवढंच.

तर नायक साकुरागी. भाचीचा लाडका छोट्या चणीचा मियागी. माझा जीव मात्र अडकला चौदा नंबरच्या हिसाशी मित्सुईत. हा लांबून टाकणारा, तीन गुणांचा नेमबाज. पण पहिल्यांदा येतो तो खेळाडू म्हणून येतच नाही. खांद्यापर्यंत केस, सोबत टोळकं, आणि जिमच्या चकचकीत लाकडी जमिनीवर बाहेरचे बूट घालून थेट आत. जपानी वाचकाला तिथेच धक्का बसत असणार. आपल्याकडे कोणी चपला घालून देवघरात शिरावं तसं ते. एक पोरगा बिचारा विनवतो, बूट तेवढे काढा. पुढे हाणामारी, रक्त, आणि त्या सगळ्या राड्यात हळूच कळतं की हा गुंड माध्यमिक शाळेत असताना प्रांतातला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता.

त्या माध्यमिक शाळेच्या दिवसांतला अंतिम सामना, शेवटची काही सेकंदं, संघ एका गुणाने मागे. बाहेर जाणाऱ्या चेंडूमागे हा झेपावतो आणि पाहुण्यांच्या टेबलाशी जाऊन आदळतो. तिथे बसलेले पांढऱ्या केसांचे, गोलमटोल आनझाई सर चेंडू उचलून त्याच्या हातात देतात आणि सांगतात, हार मानलीस की त्याच क्षणी सामना संपला. एवढ्या एका वाक्यावर हा पोरगा मोठमोठ्या शाळा सोडून सरांच्या शोहोकुत जातो. आणि पहिल्याच वर्षी गुडघा दुखावतो. घाई करून परततो, तोच गुडघा पुन्हा जातो. आपल्याविना चाललेला संघ बघतो आणि जो निघून जातो तो दोन वर्षं. त्या राड्याच्या दिवशी दार उघडून तेच आनझाई सर आत येतात, आणि हा गडी गुडघ्यांवर कोसळून हमसून हमसून रडतो. म्हणतो, मला खेळायचंय. मी ते पान वाचलं तेव्हा घरी कोणी नव्हतं, हे बरं झालं.

पण मला हा माणूस आवडतो तो रडण्यामुळे नाही, त्यानंतरच्या हिशेबामुळे. केस कापले, पडलेले दात बसवले, संघात आला. चित्रपटात असं झालं की पार्श्वसंगीत वाजतं आणि सगळं भरून निघतं. इथे भरून निघत नाही. दोन वर्षांनी हाताची कला नेली नाही, दम नेला. मनगट शाबूत, फुप्फुसं रिकामी. प्रत्येक सामन्याच्या उत्तरार्धात त्याच्या तोंडाला फेस येतो. र्‍योनानविरुद्धच्या सामन्यात तर कोसळतोच, बाहेर न्यावं लागतं. मग तो बोळात एकटा बसलेला असतो, हातात थंड पेयाचा डबा, आणि तो उघडायचंही बळ बोटांत नाही. फुकट घालवलेला काळ तिथे त्याला सापडतो, डब्याच्या त्या पत्र्याच्या कडीत. बाकी एकतीस खंडांतल्या उड्या आणि झेपा एकीकडे आणि न उघडणारा डबा एकीकडे.

लांबून टाकणं म्हणजे काय चीज आहे, हे जरा आकड्यांत सांगतो. रिंग जमिनीपासून 3.05 मीटर वर. तिचा व्यास 45 सेंटिमीटर, चेंडूचा साधारण 24. म्हणजे दोन चेंडू शेजारी शेजारी थोडक्यात मावायचे राहतात. तीन गुणांची रेषा त्या काळी सव्वासहा मीटरवर होती. 2010 पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत ती 6.75 वर गेली. चेंडू जितका सपाट फेकाल तितकी ती गोल कडी त्याच्या वाटेवरून चपटी होत जाते. बत्तीस अंशांहून सपाट उतरला तर कडीला न शिवता आत जाणं भूमितीतच बसत नाही. म्हणून नेमबाजाचा चेंडू आधी उंच चढतो, वर जरा रेंगाळल्यासारखा वाटतो आणि मग उतरतो. आणि इतकं सगळं बरोबर जमलं तर बक्षीस काय? तो आवाज.

सान्नोविरुद्धच्या सामन्यात हे येतं. सान्नो म्हणजे आधीच्या वर्षीचे राष्ट्रीय विजेते. मित्सुई तोवर इतका थकलाय की हात वर होत नाही, डोळ्यांना रिंगेखेरीज काही दिसत नाही. तरी टाकतो. जाळी वाजते. आणि तो मनात म्हणतो की हा आवाज मला पुन्हा जिवंत करतो, कितीही वेळा. लोकांचा गजर नाही, फळ्यावरचे गुण नाहीत. दोऱ्याची जाळी.

मी तिथेच थांबलो. कारण तो आवाज मी कधी ऐकलेलाच नव्हता.

भाचीला विचारलं, कसा असतो गं? ती म्हणाली, "स्विश." माझं समाधान झालं नाही. हा इंग्रजीतला आवाज झाला. जपानी लोक 'स्पा', 'पासा' अशी काहीतरी अक्षरं चित्रातच रंगवतात. आणि मराठीत? फोडणीला आपल्याकडे चर्र आहे, पाचोळ्याला सळसळ, पावसाला रिपरिप आणि पापडाला कुर्रम. जाळीतून चेंडू गेल्याला शब्द नाही. 'सुळकन' जवळ येतो, पण त्याला पालीची शेपटी आहे. ओला पंचा दोरीवर टाकण्याआधी हलकेच झटकल्यावर होतो तसला तो असावा, अशी मी मनाशी समजूत घातली.

तसं पाहिलं तर जाळी या खेळात मागून आली. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी नेस्मिथ मास्तरांनी अठरा पोरांना पहिला सामना खेळायला लावला, तेव्हा वर टांगल्या होत्या पीचच्या टोपल्या, तळासकट. चेंडू आत पडला की कोणीतरी जाऊन काढायचा. त्या दिवशी तसा त्रास एकदाच झाला, कारण सामना 1-0 ने सुटला. त्या अठरांत इशिकावा नावाचा एक जपानी विद्यार्थी होता. म्हणजे जपानी माणूस या खेळात अगदी पहिल्या दिवसापासून उभा आहे, फार तर मांगा काढायला त्याने शंभर वर्षं लावली.

आणि इनोऊए किती लबाड बघा. जाळीच्या आवाजावर एवढा जीव लावून ठेवला आणि सान्नोच्या सामन्याची शेवटची सेकंदं मात्र बिनआवाजाची काढली. संवाद जवळजवळ नाहीच, रंगवलेली अक्षरं नाहीत. पान उलटायचं, नुसती धाव, नुसते चेहरे. शोहोकु 79, सान्नो 78. मला ती पानं पाहताना आमचं मैदान आठवलं. तोच मुका चेंडू, फक्त इथे कोणी भांडत नव्हतं.

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यातल्या रिंगेसाठी मी जाळी मागवली. इथेही कडी उघडीच होती. जाळीला बारा फास असतात, कडीला बारा हुक, आणि शिडीवर मान वर करून ते एकेक अडकवताना चाळिशी उलटल्याचं नीट कळतं. नववा फास आठव्या हुकात गेला, सगळं पुन्हा सोडलं. भाची खालून सूचना देत होती, वॉचमनकाकांनी शिडी धरली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "मच्छरदाणी का हो?"

पहिला मान भाचीचा. ती रेषेच्या मागे गेली, दोनदा चेंडू टप्पा देऊन घेतला, गुडघे वाकवले आणि टाकला. उंच गेला, छान उतरला, कडीला शिवला नाही की बोर्डाला नाही. मी कान टवकारले.

आवाज नाही. चेंडू जाळीत अडकून बसला होता. नवी जाळी खालून आवळ असते, वापरून सैल होते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वॉचमनकाका शिडी घेऊन केव्हाच गेले होते. काकूंनी वरूनच जळमटं काढायची लांब काठी सोडली, आणि मी तिने खालून ढोसत राहिलो.

"मामा," भाची म्हणाली, "हा गेला धरायचा की नाही?"

मी मान वर ठेवूनच म्हणालो, "परत टाक."