न चावलेला ओंबील

वेंगुर्ल्याजवळच्या काजूबागेत माझं काम कागदावर सोपं होतं. झाडामागे चार फांद्या निवडायच्या आणि त्यांवरचे ओंबील, म्हणजे झाडावर राहणाऱ्या तांबूस मुंग्या, मोजायचे. ओंबिलांचा राबता असला की कोवळ्या पालवीचा रस शोषणारा ढेकण्या कमी दिसतो, म्हणून ही मोजदाद. प्रत्यक्षात ते बाहीतून मानेपर्यंत चढतात, कडकडून चावतात आणि चाव्यावर आम्ल सोडतात. दहा वाजेपर्यंत माझं निम्मं लक्ष खाजवण्यातच.

एका फांदीवर 31 पर्यंत पोचलो आणि बत्तिसावा थेट हातावर आला. मी दात आवळले, पण तो चावला नाही. टुणकन उडी मारली आणि बोटाच्या टोकापासून धाग्याला लोंबकळत राहिला.

धागा? ओंबील पानं शिवतात ती अळ्यांच्या रेशमाने. मोठ्या मुंगीला धागा काढता येत नाही.

खाली काटक्या वेचणाऱ्या बागेच्या मालकीण काकींनी एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "झिला, तो हुमलो न्हय. एकटोच फिरता, बघ." हुमलो म्हणजे ओंबीलच.

मी भिंग लावलं. पाय आठ, पण पुढचे दोन उचलून मिशांसारखे हलवणं चाललेलं. कंबर मुंगीसारखी चिमटलेली, रंग तोच तांबूस, डोक्याच्या दोन्ही बाजूंना मुंगीच्या डोळ्यांसारखे काळे ठिपके. खरे मोठे डोळे मात्र समोर, आणि ते माझ्याकडे रोखलेले. मुंगी अशी वळून बघत नाही हो! उड्या मारणारा कोळी, मिरमाप्लाटा प्लाटालिऑइडिस. ओंबिलांच्या वाटेला सहसा कोणी जात नाही, त्या धाकावर हा जगतो. खुद्द ओंबिलांपासून मात्र चार हात लांब, कारण सापडला तर तेच फाडतील.

एकदा नजर बसल्यावर दुपारपर्यंत आणखी तीन सापडले. त्यातला एक नर. त्याचे जबडे इतके लांब आणि पुढे आलेले, की एक मुंगी दुसरीला तोंडात धरून नेतेय असंच वाटावं.

ते पाहून पोटात गोळा आला. सकाळचा तक्ता काढला. शेऱ्याच्या रकान्यात, माझ्याच अक्षरात, वर कौतुकाने अधोरेखित: "8.40. ओंबील सोबत्याला उचलून नेताना. स्पष्ट दिसला."