पाण्याचा दिवस, वॉर आणि चार हजार रुपये

आज आमच्याकडं पाण्याचा दिवस. पाच दिवसांनी नळ येणार, आणि नेमकं आजच पहाटे पावणेसहाला मोबाईल गेममधलं आमचं वॉर संपणार होतं. चारचा गजर लावला. बायकोला वाटलं नवरा पाण्यासाठी उठलाय, बिचारीनं उठून चहा टाकला, मी पण काय बोललो नाही.

क्लॅश ऑफ क्लॅन्स मी २०१६ पासून खेळतोय. माहीत नाही त्यांना एवढंच सांगतो, आपलं एक गाव असतं ते बांधत बसायचं, आणि क्लॅन म्हणजे जास्तीत जास्त ५० जणांची मंडळी. वॉरला एक दिवस तयारी, एक दिवस मारामारी, आणि माणशी दोनच अटॅक. अटॅक तीन मिनिटांचा. आज प्रेशर नव्हतं, निळा ड्रम भरायला अर्धा तास, म्हटलं आरामात होतील दोन्ही. पहिला ९८ टक्क्यांवर अडकला. समोरच्या गावातली एक कोपऱ्यातली झोपडी पाडायची राहिली हो! तिच्याकडं बघत बसलो तोवर ड्रम भरून पाणी जिन्यावरनं खाली. मग चहाचं कौतुक संपलं.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे काल गल्लीतला एक पोरगा आला होता, इंजिनीअरिंगला आहे. "काका, तुमचा आयडी द्या ना, चार हजार देतो." (मी ३६ चा आहे, काका कुठनं झालो माहीत नाही.) आयडी विकणं कंपनीच्या नियमात बसत नाही, कळलं तर खातं कायमचं बंद, हे त्याला पण माहीत आणि मला पण. तरी रात्री पडल्या पडल्या हिशोब केलाच. रोजचा एक तास धरला, तो पण बायकोला सांगायचा तास, खरा जास्तच, तर नऊ वर्षांचे ३२८५ तास. चार हजार भागिले तेवढे, म्हणजे तासाला सव्वा रुपया पण पडत नाही.

सकाळी अप्पांना सांगितलं. अप्पांनी तीस वर्षं माग चालवला, टॉवेलचा, नगावर मजुरी. त्यांचं डोकं अजून नगावरच चालतं. ऐकून म्हणाले, "मग माल काय निघाला?" आणि वर, "तो तुझा गेम सरकारनं बंद केला ना?" ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा आला तेव्हापास्नं ते मला जुगारी समजतात. दहा वेळा सांगितलं यात पैसे लावत नाहीत. ऐकू कमी येतं त्यांना, मागाच्या खडखडाटानं कान गेलेत.

माल काय निघाला हे मला पण नीट सांगता येईना. लॉकडाऊनला, २०२० मध्ये, आमचे माग बंद, गावात चिडीचूप, वार कुठला तारीख कुठली कळायचं नाही, तेव्हा दिवसाला काय आकार होता तर वॉरच्या घड्याळाचा. सप्टेंबरात पबजीवर बंदी आली तशी आमच्या क्लॅनमध्ये रिकाम्या पोरांची गर्दी झाली, निम्मी अटॅक न करताच पळाली. राहिले ते अजून आहेत. नांदेडचा एक ट्रक चालवतो, ढाब्यावर थांबला की सैन्य डोनेट करतो आणि जेवायला काय आहे ते लिहितो. त्याचं तोंड मी बघितलेलं नाही. अप्पांना हे सांगितलं तर जरा वेळानं म्हणाले, माझ्या बाजूच्या मागावर वीस वर्षं एकच माणूस होता, तोंड रोज दिसायचं, बोललेलं एक अक्षर ऐकू यायचं नाही, हातवारे नुसते. एवढं बोलून पेपर घेतला.

पण फुकटचा वेळ होता असं मी म्हणणार नाही. पाण्याची वाट बघताना, टेम्पोची वाट बघताना खेळलो ते सोडा, तो वेळ तसाही कुणाचा नव्हता. २०१९ ला सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत पोरगी पहिल्यांदा मोठ्या पाळण्यात बसली, आईबरोबर. मला खालनं फोटो काढायला सांगितलं होतं. शेवटचा अटॅक माझाच राहिलेला. तो फोटो अजून मोबाईलमध्ये आहे, त्यात पाळणा आहे, लाइटिंग आहे, मागं भजीवाल्याची पाटी पण स्पष्ट आहे, पोरगी नाही. तीन मिनिटंच गेली होती. आता सातवीत आहे ती, पाळण्यात मैत्रिणींबरोबर बसते.

संध्याकाळी तो पोरगा परत आला, पाच हजार म्हणाला. म्हटलं परवाच्या वॉरला माझं नाव लागलंय, जमणार नाही. मग म्हणाला, क्लॅनमध्ये तरी घ्या. विचारलं टाऊन हॉल केवढा तुझा? (गावातली मुख्य इमारत ती, तिच्या नंबरावरनं गाव किती वाढलंय ते कळतं.) सहा. माझा तेरा.

"भिंती केल्यास का सगळ्या?"

"भिंतींना लई वेळ लागतो काका, म्हणून तर तुमचा मागतोय."

म्हटलं घेतो क्लॅनमध्ये, पण आधी भिंती कर.