धरानच्या खुकुऱ्या, भिंतीवरच्या आणि कामाच्या

नेपाळात राहायला आल्यापासून घरच्या ग्रुपवर एक फर्माईश ठरलेली असते, येताना एक खुकरी घेऊन ये गं. खुकरी म्हणजे गोरख्यांचा तो वाकडा सुरा, इथे तिला खुकुरी म्हणतात. मी विचारते, कापायचं काय आहे? की पलीकडे सगळे गप्प, कारण कापायचं कुणालाच काही नसतं, हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावायची असते. त्यात गैर काही नाही, पण मग ती कोणती घ्यावी याचं उत्तर पूर्ण वेगळं होतं, आणि तेच जरा सविस्तर लिहावं म्हटलं.

मी राहते धरानला, म्हणजे पूर्व नेपाळ, तराईचं सपाट रान संपून डोंगर सुरू होतो अगदी तिथे. आज जिथे बी. पी. कोइराला यांच्या नावाचं मोठं हॉस्पिटल आणि मेडिकल कॉलेज आहे त्या आवारात पूर्वी ब्रिटिश गोरखा फौजेचा कॅम्प होता, त्यामुळे गावात निवृत्त लाहुरे भरपूर (परदेशी फौजेत नोकरी केलेल्यांना इथे लाहुरे म्हणतात) आणि खुकुरीची दुकानंही भरपूर. वर भेडेटारचा घाट चढून गेलात की धनकुटा, हिले, आणि तिथून अरुण नदी ओलांडली की भोजपुर. खुकुरीवाल्यांच्या तोंडी भोजपुरचं नाव आपल्याकडे पैठणीवाल्यांच्या तोंडी येवल्याचं असतं तसं, म्हणजे माल कुठलाही असो, नाव तेच.

दुकानात गेलं की प्रकारांची यादीच सुरू होते. सिरुपाते म्हणजे लांब, सडपातळ, सिरु नावाच्या गवताच्या पात्यासारखी, दिसायला सगळ्यात देखणी, त्यामुळे पाहुणे पहिली तीच उचलतात. भोजपुरे जाडजूड, पोट सुटलेली, हातात घेतली की मनगटाला लगेच कळतं. आङखोला मला पर्सनली सगळ्यात हुशार वाटते, हिच्या पाठीच्या कण्यालगत लांब खोलगट पन्हळ काढलेली असते, त्यामुळे पातं जाड राहूनही वजन कमी होतं. चिर्रावाल्या प्रकारात पात्यावर बारीक समांतर खाचा असतात, तीन असल्या की तीन चिर्रा. धनकुटेमध्ये पात्यापेक्षा नक्षीदार म्यानाचंच कौतुक जास्त, आणि कोथिमोरा म्हणजे तर म्यानावर चांदीचं जाळीकाम, ती गोरखा अधिकाऱ्यांना निवृत्तीच्या वेळी भेट देतात. तिच्याने कांदा कापायचं धाडस मी तरी करणार नाही. याशिवाय दुकानदार दर सीझनला नवीन नावं काढतात, जंगल अमुक आणि पांडा तमुक, ती सगळी टुरिस्टांसाठी, सोडून द्या.

माझ्याकडे आता बऱ्यापैकी कलेक्शन झालंय, पण कपाटात पडून राहणारी एकही ठेवायची नाही हा माझा नियम. शेजारच्या आमा (इथे आईला आणि वयस्कर बायकांना आमा म्हणतात) पहिल्यांदा बघायला आल्या तेव्हा त्यांनी सगळ्या एकेक करून हातात घेतल्या, अंगठ्याने धार आडवी चाचपली आणि दोन ढीग केले, "यो हेर्ने, यो काट्ने." बघायची आणि कापायची, बस्स, त्यांच्या लेखी प्रकार दोनच. त्यांच्या स्वतःच्या खुकुरीला ना पितळ ना नक्षी, मूठ लाकडाची, म्यानाचं चामडं टोकाला फाटलेलं. जळणाची लाकडं फोडणं, बांबू चिरणं, इस्कुसच्या (चायोट नावाच्या फळभाजीच्या) वेली साफ करणं, खसीच्या मटणाची हाडं तोडणं, सगळं तिच्याचवर. भाजीला मात्र त्या खुकुरी लावत नाहीत, त्यासाठी चुलेसी, म्हणजे हुबेहूब आपली विळी हो, पाय देऊन बसायचं आणि पात्यावर भाजी सरकवायची. गवताला हँसिया वेगळा. आणि "एकदा म्यानातून काढली की रक्त पाजल्याशिवाय परत ठेवत नाहीत" असं आपल्याकडचे काका लोक छातीठोकपणे सांगतात ना, ते आमांना सांगितलं तर त्या खोकला लागेपर्यंत हसल्या.

वापरायची पद्धत मात्र शिकावी लागते. आपल्या सुरीसारखी दाबून किंवा पुढे-मागे ओढून चालवायची नाही. पातं जिथे खाली वाकतं त्याच्या पुढे सगळं वजन असतं, त्यामुळे मनगट सैल सोडून नुसती पडू द्यायची, कापायचं काम तीच करते. मुठीच्या मध्यावर एक उंचवटा असतो तो बोटांच्या मधे बसतो आणि मूठ खाली फाकलेली असते, म्हणून घामेजल्या हातातूनही निसटत नाही. म्यानाला इथे दाप म्हणतात, आतून लाकडाच्या दोन फाका आणि वरून चामडं. खुकुरी काढताना दाप पाठीच्या बाजूने धरायचा, धारेकडच्या बाजूला बोटं गुंडाळायची नाहीत, कारण जुन्या दापाची शिवण उसवलेली असली तर धार थेट बोटांवर. हे दुकानात कुणी सांगत नाही, लिहून ठेवा.

दापाच्या मागे अजून दोन छोटी पाती असतात. कर्द धारदार, बारीक सोलण्या-कापण्यासाठी, आणि चक्मक बोथट, धारेवर घासून ती सरळ करायला. आणि मुठीजवळ पात्याला जी खाच असते, काउडी, तिच्याबद्दल प्रत्येकाची स्टोरी वेगळी. कुणी म्हणतं गाईचं खूर, कुणी शंकराचा त्रिशूळ, कुणी म्हणतं रक्त ओघळून मुठीवर येऊ नये म्हणून. मी ज्यांच्याकडून खुकुऱ्या करून घेते त्या दाइंना (दाइ म्हणजे दादा) विचारलं तर म्हणाले, बाबा करायचे म्हणून मी करतो.

या दाइंचं गावाबाहेर एक आरन आहे, म्हणजे लोहाराची भट्टी. पोलाद येतं भंगारातल्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांतून. एक जण चिमट्यात धरतो, दुसरा घण मारतो, आणि लाल पट्टीला हळूहळू बाक येत जातो ते बघत बसलं तर दुपार कशी गेली कळत नाही. पण खरी गंमत शेवटी. पातं पुन्हा तापवतात, धार वर करून धरतात आणि साधी चहाची किटली घेऊन तिच्या चोचीतून पाण्याची बारीक धार फक्त कापायच्या कडेवरून फिरवतात, चर्र आवाज येत जातो आणि लाल रंग तेवढ्याच पट्ट्यात विझतो. अख्खं पातं पाण्यात बुडवलं तर सगळंच कडक होऊन हाडावर मारताच तुटेल, असं केलं की धार कडक आणि पाठ मऊ, म्हणजे दणका पाठीने सोसायचा. ना थर्मामीटर ना टायमर, सगळं रंगावर. म्हणूनच खिडकीचं दार लोटून भट्टीशी अंधार करतात. मूठ बसवायला गरम केलेली लाख, तिला हे लाहा म्हणतात.

ही कामं करणारे कामी समाजाचे, आडनाव बहुतेक विश्वकर्मा किंवा नुसतं बि.क. डोंगरातल्या गावांत यांना वर्षभर अवजारं करून दिल्याबद्दल सुगीला धान्य मिळायचं, त्याला बालीघरे म्हणतात, आपली बलुतेदारीच. आणि पुढचंही आपल्यासारखंच, यांनी घडवलेली खुकुरी देवघरात चालायची पण यांच्या हातचं पाणी चालायचं नाही. १९६३ च्या मुलुकी ऐननंतर (नेपाळची कायद्याची संहिता) कायद्याने ते संपलं, माणसांच्या मनातून किती संपलं ते दुपारभर आरनात बसलं की कानावर येतं. दुकानातल्या खोक्यावर रुबाबदार गोरखा शिपायाचं चित्र असतं, १८१४ च्या इंग्रजांबरोबरच्या लढाईची शौर्यगाथा असते, पातं ज्याने ठोकलं त्याचं नाव कुठेच नाही. मला हे खटकतं, म्हणून मी आता दुकानातून घेणंच बंद केलंय.

जुन्या खुकुऱ्यांचा नाद लागलेले लोकही भेटतात. काठमांडूच्या लगन सिलेखान्यात, म्हणजे जुन्या शस्त्रागारात, पडून असलेला नेपाळी फौजेचा प्रचंड शस्त्रसाठा २००३ मध्ये परदेशी व्यापाऱ्यांनी विकत घेतला, त्यातल्या जुन्या लांब पात्याच्या खुकुऱ्या अजून अमेरिकेत विकल्या जातायत. तुम्ही मात्र इथून तसं काही न्यायच्या भानगडीत पडू नका, शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर न्यायला बंदी आहे. नवी असेल तर विमानात चेक-इन बॅगेत, नीट गुंडाळून. आणि पावसाळ्यात दापातच ठेवून दिली की चामडं ओल धरतं आणि पातं गंजतं, त्यामुळे वापरून झाली की पुसायची, मोहरीचं तेल लावायचं, आमच्याकडे उघडीच असते.

दशैंच्या, म्हणजे इथल्या दसऱ्याच्या, नवमीला इथे अवजारं, गाड्या, खुकुऱ्या सगळ्यांची पूजा होते, आपली खंडेनवमीच, त्यामुळे माझी विळी, लॅपटॉप आणि खुकुऱ्या एकाच पाटावर बसतात. त्या दिवशी गल्लीत बोकडही पडतो, तेव्हा मी घरात असते.

सध्या एक ऑर्डर दिलीये, गुहागरला आईसाठी, नारळाची. दाइंनी नारळासाठी कधीच केली नव्हती, म्हणाले दिदी, आधी तो नारळ आणा. मग मी मंदिराजवळून नारळ घेऊन गेले, आपण कोयत्याच्या पाठीने कसा फोडतो ते करून दाखवलं, तर ते बराच वेळ करवंटीची जाडी बघत राहिले आणि म्हणाले मग पाठ अजून जाड हवी आणि टोक आखूड. खोबरं सगळ्यांनी मिळून तिथेच संपवलं. पुढच्या हप्त्यात देतो म्हणालेत, म्हणजे तिहारपर्यंत (इथली दिवाळी) हातात पडली तरी खूप.