ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी

मराठवाड्यात पोलीस ठाण्याची पायरी माणूस सहसा एकट्यानं चढत नाही. सोबत भावकीतलं कुणीतरी, नाहीतर पोलीस पाटील, आणि कुणीच नसलं तर पुढाऱ्याचा फोन. पूर्वी ही सोबत भीतीपोटी असे. फौजदार गावात आला की पारावरची माणसं शेताकडं निघत. आता पोरं 112 फिरवतात आणि गाडी येईस्तोवर व्हिडिओ काढत उभी राहतात. सोबत मात्र सुटलेली नाही. ओळखीशिवाय लिहून घेत नाहीत, हा समज पक्का आहे आणि तो निव्वळ खोटा आहे असंही म्हणवत नाही.

पण पुष्कळदा गोष्ट बिनसते ती टेबलापाशी पहिल्या दोन वाक्यांत. विहिरीवरची केबल चोरीला गेली. शेतकरी सांगतो, "जुनीच होती साहेब, असंल तीन-चार हजाराची." झालं! 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत 5,000 रुपयांच्या आतली, पहिल्यांदाच केलेली साधी चोरी अदखलपात्र धरली आहे. मग एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद होते, हातात कागद पडतो आणि याला वाटतं, केस झाली. एनसीत न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. एवढं सांगायला अंमलदाराला मिनिट पुरतं, पण ते सांगितलं जात नाही. महिन्यानं हा 'काय झालं' विचारायला येतो, तिकडून वैतागलेलं उत्तर मिळतं, आणि पुन्हा पुढाऱ्याचा फोन.

किंमत फुगवू नये, पण मोजून सांगावी. केबल किती फूट, किती कोअरची, तांब्याची की अॅल्युमिनियमची, सोबत स्टार्टर गेला का, पेटी फोडली का. मोटार गेली असेल तर अश्वशक्ती, कंपनी आणि पाटीवरचा अनुक्रमांक. हा अनुक्रमांक नसला की मोटार सापडूनही ती आपलीच हे सांगता येत नाही, आणि ती मुद्देमालात गंजत पडते. नव्या ट्रॅक्टरचे हार घातलेले फोटो घरोघर असतात; मोटारीच्या पाटीचा एक फोटो कुणी काढून ठेवत नाही. सोयाबीनची पोती गेली तर कुठून गेली हे आधी सांगावं. माल ठेवायच्या कोठीतून गेली असतील तर कलमच वेगळं लागतं, तो गुन्हा दखलपात्र असतो आणि तिथं 5,000 चा हिशेब येत नाही.

लिहून झालं की वाचून दाखवायला सांगावं, मगच सही करावी. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. जालन्याहून परभणीला जाताना एसटीत पाकीट मारलं, तर 'हद्द आमची नाही' हे उत्तर चालत नाही. शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून तो संबंधित ठाण्याकडं पाठवायचा असतो. दखलपात्र गुन्हा असूनही नोंदवून घेतलाच नाही, तर तीच हकिकत लेखी, टपालानं पोलीस अधीक्षकांकडं धाडावी आणि टपालाची पावती जपावी. तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकारी आहेतच. यातल्या कशालाच पुढारी लागत नाही.

पोलिसांच्या बाजूनंही काही हलतंय. बीड जिल्ह्यात 2025 मध्ये पोलिसांच्या छातीवरच्या पाटीवरून आडनाव काढलं, नुसतं नाव ठेवलं. जातीचा अंदाज बांधून बोलणं सुरू होऊ नये, हा हेतू. चांगलंच झालं, पण 'साहेब, गाव कोणतं?' हा प्रश्न आमच्याकडं अजून शाबूत आहे.

आणखी एक तरतूद फारशी कुणी वापरत नाही. तपास कुठवर आला हे 90 दिवसांत फिर्यादीला कळवणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि ते मोबाईलवरही कळवता येतं. म्हणून सही करण्याआधी फिर्यादीत आपला नंबर बरोबर पडलाय का, तेही बघावं. सोबत आलेल्याचा नंबर लिहून दिला, तर निरोप त्यालाच जातो.