हाऊसस्टेड्सचा पाया

लेक इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला असते. यंदा जूनमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे गेलो तेव्हा मी आधीच सांगून ठेवलं होतं की मला रोमन सम्राट हेड्रियनची भिंत दाखव, बाकी काही नाही दाखवलं तरी चालेल. हेक्झमपर्यंत रेल्वेने गेलो, पुढे बस. बसचा नंबरच एडी १२२, म्हणजे इ.स. १२२, भिंतीचं काम सुरू झालं ते साल.

रोमन साम्राज्याची ही उत्तरेची हद्द, सुमारे ११७ किलोमीटर. या भिंतीवरचा हाऊसस्टेड्सचा रोमन किल्ला कड्यावर आहे. वर असा वारा होता की ऐन जूनमध्ये हिने मला स्वेटर घालायला लावलं.

माझी सगळी नोकरी बांधकाम खात्यात गेली. कुठेही गेलो तरी नजर आधी पायाकडे जाते. इथे उत्तरेच्या तटाच्या आत एका चौकोनी टेहळणी बुरुजाचा पाया उघडा आहे. किल्ल्याच्या आत बुरूज कशाला? कारण किल्ला मागाहून आला! पहिला आराखडा १० रोमन फूट रुंद भिंतीचा होता, तिच्यावर ठरावीक अंतराने बुरूज, मोठी फौज मागे. काम अर्धवट असताना ठरलं की किल्ले भिंतीवरच हवेत. झालेला बुरूज पाडला, वर किल्ला बांधला. पुढे भिंतीची रुंदीही कमी केली. चालू कामात हाती सुधारित नकाशा येतो तेव्हा साइटवरच्या माणसाचं काय होतं, ते मला ठाऊक आहे. त्या पायाजवळून माझा पाय निघेना.

आग्नेय कोपऱ्यात, सगळ्यात खालच्या बाजूला, सैनिकांचे संडास आहेत. टेकडीवर पाणी कमी, म्हणून पावसाचं पाणी दगडी टाक्यांत साठवायचं आणि त्यानेच खालचा चर धुवायचा. बसायच्या फळ्या केव्हाच कुजल्या, पण चर शाबूत आहे आणि त्याचा उतार नुसत्या डोळ्यांना कळतो. धान्याच्या कोठाराची जमीन बुटक्या दगडी खांबांवर उचललेली, खालून हवा खेळावी म्हणून. लेक म्हणाली, "बाबा, लोक फोटो काढताहेत आणि तुम्ही नाल्या बघताय!" बघणारच ना. तिथे माणसं राहत होती, हे नाल्यांवरूनच तर कळतं.

आता मनसरला परत जायचंय. रामटेकच्या वाटेवरचं वाकाटकांच्या काळचं ते विटांचं बांधकाम मी आजवर वरवर पाहिलं. पाऊस सरला की तर्री-पोहे खाऊन सकाळीच निघू. ज्याला यायचं त्याने कळवा, गाडीत जागा आहे.