शेवटी कंपनीतच ना!

"म्हणजे शेवटी कंपनीतच गेल्या ना!" जेवणाच्या सुट्टीत एक ज्युनिअर डॉक्टर म्हणाली आणि सगळे हसले. विषय होता ज्युली गर्बरडिंग यांचा.

हसलो मीही. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

गर्बरडिंग म्हणजे संसर्गरोगांच्या डॉक्टर, २००२ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या, पहिल्या महिला संचालक. पुढच्याच वर्षी सार्स या श्वसनरोगाची साथ आली. २००९ मध्ये पद सोडलं आणि २०१० मध्ये थेट मर्क या औषध कंपनीच्या लस विभागाच्या अध्यक्ष. मर्क म्हणजे गार्डासिलवाली, गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळणारी लस बनवणारी. ती लस २००६ मध्ये मंजूर झाली, तेव्हा कुणाला द्यायची ही शिफारस सीडीसीचीच होती.

खटकतं. खोटं कशाला बोला?

पण सरकारी टेबलावर लसीचा एक डोसही तयार होत नाही, तो कारखान्यातच होतो. आणि याच मर्कचे एकेकाळचे प्रमुख रॉय व्हॅजेलोस, तेही डॉक्टरच. १९८७ मध्ये त्यांनी रिव्हर ब्लाइंडनेस या परजीवीमुळे आंधळेपण आणणाऱ्या रोगावरचं औषध फुकट द्यायचं जाहीर केलं, लागेल तितकं, लागेल तोवर! असा निर्णय घ्यायला त्या खुर्चीत डॉक्टर असलेला मला तरी बरा वाटतो.

मग दोन खुर्च्यांमध्ये किती वर्षांचं अंतर असलं, की तुम्हाला चालेल?